इलेक्ट्रोपोरेशन

पेशीला क्षणभर तीव्र विद्युत क्षेत्रात ठेवून तिच्या पटलाला सूक्ष्म छिद्रे पाडण्याचे तंत्र. एरवी पटल ओलांडू न शकणारे डीएनए किंवा औषधाचे रेणू या छिद्रांतून आत शिरतात. छिद्रे बुजली तर पेशी जगते, नाही बुजली तर मरते. दोन्ही परिणाम उपयोगाचे आहेत.

पेशीपटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड असते. त्याच्या दोन बाजूंमध्ये सुमारे १ व्होल्टचा फरक पडला की पटलात दर सेंटीमीटरला २० लाख व्होल्ट इतके क्षेत्र निर्माण होते आणि मेदरेणूंची रचना विस्कटते. गोल पेशीत हा फरक ध्रुवांवर सर्वाधिक असतो : बाहेरचे क्षेत्र गुणिले त्रिज्या गुणिले १.५. म्हणून १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या प्राणिपेशीला सेंटीमीटरला ७०० व्होल्टच्या आसपास पुरतात, तर अर्धा मायक्रोमीटर त्रिज्येच्या जिवाणूला १३,००० लागतात. एका पेशीसाठी बसवलेले व्होल्टेजचे माप दुसरीला चालत नाही, ते यामुळेच.

सेल आणि हॅमिल्टन या संशोधकांनी १९६७ मध्ये तीव्र क्षेत्राने सूक्ष्मजीव मरतात, आणि ते केवळ उष्णतेमुळे नव्हे, हे दाखवले. १९८२ मध्ये नॉयमान आणि सहकाऱ्यांनी याच मार्गाने उंदराच्या पेशींत जनुक घातले.

ई. कोलाय या जिवाणूत डीएनए घालण्याची रीत अशी. वाढ ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला ०.४ ते ०.६ शोषणांकावर (द्रवाच्या गढूळपणाचे माप) थांबवून पेशी बर्फात गार करतात, थंड पाण्याने दोनदा आणि मग १० टक्के ग्लिसरॉलने धुतात. ४० ते ५० मायक्रोलिटर पेशींत १–२ मायक्रोलिटर डीएनए मिसळून ०.१ सेंमी फटीच्या क्युव्हेटमध्ये (धातूच्या दोन पट्ट्या असलेल्या छोट्या कुपीत) १.८ किलोव्होल्टचा स्पंद, म्हणजे विजेचा क्षणिक झटका, देतात. यंत्राची धारिता २५ मायक्रोफॅरड आणि रोध २०० ओहम, यांचा गुणाकार ५ मिलिसेकंद; हा कालांक, म्हणजे स्पंद ओसरायला लागणाऱ्या वेळेचे माप. यंत्राने दाखवलेला कालांक ४ ते ५ मिलिसेकंद असला तर स्पंद नीट बसला. लगेच १ मिली एसओसी (पेशींना सावरणारे पोषक) माध्यम घालून ३७ अंशांवर तासभर ठेवतात. इथे एक मिनिटाची दिरंगाईसुद्धा वसाहतींची (प्लेटवर वाढणाऱ्या जिवाणूंच्या ठिपक्यांची) संख्या घटवते.

अपयशाचे पहिले कारण मीठ. क्षार उरले की प्रवाह वाढतो, कालांक घसरतो, कधी ठिणगी उडून नमुनाच जातो. लायगेशनचे (डीएनएचे तुकडे जोडण्याच्या क्रियेचे) मिश्रण थेट ओतणे ही नेहमीची चूक. ते आधी ६५ अंशांवर तापवून लायगेज हे जोडणारे विकर निष्क्रिय करावे आणि क्षार काढावेत. बुडबुडाही ठिणगीला पुरतो, म्हणून क्युव्हेट हलकेच आपटून पेशी तळाशी बसवाव्यात.

नागपुरात हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. पावसाळ्याच्या दमट हवेत बर्फातून काढलेल्या क्युव्हेटवर लगेच दव जमते. धातूच्या पट्ट्या कोरड्या पुसल्याशिवाय स्पंद देऊ नये. कापसाच्या जनुकीय कामात लागणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूला स्पंदानंतर २८ अंश हवे असतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा नुसते तापवणारे इन्क्यूबेटर खोलीच्या तापमानाखाली उतरूच शकत नाही. गारही करू शकणारे, बीओडी नावाचे इन्क्यूबेटरच लागते. हा जिवाणू ३७ अंशांवर वाढवला तर टीआय प्लाझ्मिड (वनस्पतीत जनुक नेण्यास लागणारे डीएनएचे कडे) गमावू शकतो. वसाहती दिसायला दोन-तीन दिवस जातात, त्यामुळे एका रात्रीनंतर रिकामी दिसणारी प्लेट टाकून देऊ नये.

कर्करोगात गाठीला सेंटीमीटरला सुमारे १,००० व्होल्टचे, १०० मायक्रोसेकंदांचे आठ स्पंद देऊन ब्लिओमायसिन हे कर्करोगाचे औषध पेशींत पोहोचवतात. एरवी ते फार थोडे आत जाते.

फळांच्या रसासाठी सेंटीमीटरला २० ते ४० किलोव्होल्टचे, काही मायक्रोसेकंदांचे स्पंद वाहत्या रसाला देतात. यीस्ट आणि बहुतेक जिवाणू मरतात, चव फारशी शिजत नाही. मात्र बीजाणू (जिवाणूंचे कठीण कवचातले सुप्त रूप) टिकतात. संत्र्याच्या आम्ल रसात ते सहसा रुजत नाहीत. तरी आम्ल सहन करणारी अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस ही जिवाणूंची प्रजाती याला अपवाद आहे. नागपुरी संत्र्याच्या रसाची खरी अडचण वेगळी : ठेवल्यावर लिमोनिन या कडू संयुगामुळे येणारा कडवटपणा. तो स्पंदांनी जात नाही, त्यासाठी रस रेझिनवरून (कडू घटक शोषणाऱ्या कणांवरून) नेण्यासारखी स्वतंत्र प्रक्रिया करावी लागते.