फेलओव्हर झाला, मग कॉपी का तुटली? : पार्श्वभूमी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. सर्व्हर रूमचा एसी बसला की क्लस्टरमधला, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांमधला, पहिला सर्व्हर (नोड) तापून बंद होतो आणि क्लस्टर सगळा भार दुसऱ्या नोडवर टाकतं. यालाच फेलओव्हर म्हणतात. मिनिटाभरात क्लस्टर मॅनेजरमध्ये सगळं हिरवं दिसू लागतं. तरीही शिरपूरच्या शाखेतून येत असलेली स्कॅन कागदपत्रांची मोठी फाइल मध्येच तुटलेली असते. ‘मग दोन नोडवर एवढा खर्च केला कशाला?’ असं साहेब विचारतात, आणि त्यांचं विचारणं रास्त आहे.

सेवा दुसऱ्या नोडवर नेणं आणि चालू असलेली कॉपी नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आधी जमलं. १९९७ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या एंटरप्राइझ आवृत्तीसाठी दोन नोडचं क्लस्टर आलं. डिस्क, आयपी आणि सर्व्हरचं नाव दुसऱ्या नोडकडे जायचं. पण क्लायंट (कॉपी करणारा संगणक) आणि सर्व्हर यांच्यातलं टीसीपी कनेक्शन कुठवर आलं, कोणती फाइल कोणी उघडली, फाइलीवरचा लॉक (दुसऱ्याला बदल करू न देणारी अडवणूक) कोणाकडे, हे सगळं पहिल्या नोडच्या मेमरीत असायचं आणि त्याच्यासोबतच पुसलं जायचं. पत्ता तोच राहिला तरी नवा नोड जुनं कनेक्शन ओळखत नसे. कॉपी करणाऱ्याला एरर यायची.

फाइली पाठवण्याच्या एफटीपी या जुन्या पद्धतीत तुटलेल्या जागेपासून पुढे पाठवण्याची आज्ञा १९८५ च्या मानकात होती. मात्र सगळे वापरतात त्या स्ट्रीम मोडसाठीचा (फाइल सलग प्रवाहासारखी पाठवण्याच्या प्रकारासाठीचा) नियम मानकात यायला २००७ उजाडलं. युनिक्स-लिनक्सवर फाइली शेअर करणाऱ्या एनएफएसने वेगळी वाट धरली. उघड्या फाइलींची नोंद सर्व्हरने ठेवायचीच नाही, उत्तर येईपर्यंत क्लायंटने विचारत राहायचं. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हर लिहिलेल्या डेटासोबत एक खूणही देऊ लागला. डेटा डिस्कवर पक्का करताना ती खूण बदललेली दिसली, की सर्व्हर मध्ये पडून उठला हे क्लायंटला कळतं आणि तो पक्का न झालेला डेटा पुन्हा पाठवतो. म्हणून हार्ड माउंटवर (उत्तर येईपर्यंत विचारत राहणाऱ्या जोडणीवर) कॉपी थबकते आणि पुढे चालू होते. चौथ्या आवृत्तीत सर्व्हर उघड्या फाइलींची नोंद ठेवू लागला. त्यामुळे फेलओव्हरनंतर जुने लॉक परत मागायला क्लायंटना सवलतीचा काळ मिळतो. लिनक्सवर तो सहसा ९० सेकंद असतो आणि तेवढ्यात नवी फाइल उघडायला गेलं की वाट पाहावी लागते.

आपल्याकडच्या ऑफिसांत मात्र बहुतेक काम विंडोज शेअरवर चालतं, आणि तिथला खरा बदल २०१२ चा आहे. विंडोज सर्व्हर २०१२ सोबत एसएमबी ३.० (विंडोज शेअर ज्या नियमांनी बोलतात त्यांची नवी आवृत्ती) आलं. त्याआधीचं ‘ड्युरेबल’ हँडल (उघड्या फाइलीसाठी सर्व्हरने क्लायंटला दिलेली ओळखखूण) नेटवर्क क्षणभर गेलं तरी टिकायचं, पण ते सर्व्हरच्या मेमरीतलं; नोड गेला की तेही गेलं. नव्या ‘पर्सिस्टंट’ हँडलची नोंद डिस्कवर ठेवली जाते. दुसरा नोड ती वाचतो, क्लायंट त्याच हँडलवर परत येतो आणि कॉपी जरा थांबून पुढे सरकते. शिवाय विटनेस नावाची सेवा क्लायंटला ‘तुझा नोड गेला’ असं कळवते, म्हणजे टीसीपीचा टाइमआउट संपायची वाट पाहावी लागत नाही.

याची किंमत गतीत मोजावी लागते. शेअरवर ‘कंटिन्युअस अव्हेलेबिलिटी’ चालू असेल तर लिहिलेलं थेट डिस्कवर गेल्याशिवाय सर्व्हर ‘झालं’ म्हणत नाही, आणि फाइल उघडण्या-मिटण्याचीही नोंद डिस्कवर होते. ही रचना मुख्यतः व्हर्च्युअल मशीन आणि डेटाबेससाठी होती, म्हणजे थोड्या, मोठ्या, कायम उघड्या फाइलींसाठी. हजारो लहान फाइलींच्या फोल्डरवर ती जाणवण्याइतकी मंदावते. क्लस्टरवर नवा शेअर करताना हा पर्याय आपोआप टिक केलेला येतो. कॉपी हळू चालते अशी तक्रार आली, की पुष्कळ अॅडमिन तो काढतात आणि फेलओव्हरच्या दिवशी कोणालाच ते आठवत नाही. यूजर फोल्डरसाठी तो काढणं मला मान्य आहे. पण शाखांकडून मोठ्या फाइली जिथे येतात त्या शेअरवरून तो काढणं चुकीचंच. तिथे गती दुय्यम आहे. क्लायंट मात्र विंडोज ८ किंवा पुढचा हवा. विंडोज ७ आणि जुने स्कॅनर-प्रिंटर एसएमबी ३.० बोलत नाहीत; त्यांची कॉपी तुटणारच.

लिनक्सवरून विंडोज शेअर देणाऱ्या सांबाच्या क्लस्टरमध्ये नवा नोड मुद्दाम एक चुकीचं पॅकेट धाडतो. क्लायंटच्या उत्तरावरून जुनं कनेक्शन तिथल्या तिथे तोडलं जातं आणि क्लायंट लगेच नव्याने जोडला जातो. वेळ वाचतो, तुटलेली कॉपी त्याने सांधली जात नाही.

तुटण्यापेक्षा मोठं नुकसान करते ती मागे राहिलेली अर्धी फाइल. तिचं नाव बरोबर असतं, त्यामुळे रात्री चालणारा प्रोग्रॅम ती पूर्ण समजून उचलतो. म्हणून फाइल तात्पुरत्या नावाने पाठवायची, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला की मगच खरं नाव द्यायचं, ही पद्धत रुळली. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी करण्याच्या आज्ञेत झेड (/Z) पर्याय दिला तर तुटल्या जागेपासून कॉपी पुढे जाते. नाव बदलणं मात्र त्याच व्हॉल्यूमवर व्हायला हवं. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं तर ती पुन्हा कॉपीच ठरते आणि मध्येच फेलओव्हर झाला तर अर्धी फाइल खऱ्या नावाने तिथे पडून राहू शकते.