नवीन मशीन घेतलं की पहिल्या महिन्यापासून पैसे वाचतात?

फॉरवर्ड होत असलेला हिशोब असा असतोय: मशीनची किंमत भागिले महिन्याची बचत, म्हणजे 18 लाखाचं सीएनसी (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारं, धातू कापणारं मशीन), महिन्याला 60 हजार वाचले तर 30 महिन्यात वसूल. भागाकार बरोबर आहे, पण वरचा आकडा, म्हणजे किंमत, अपुरा आणि खालचा, म्हणजे बचत, फुगवलेला.

कोटेशनमध्ये बहुतेक वेळा फक्त मशीन असतं. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हाताच्या लेथवरून सीएनसीवर गेलेल्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन बघा की, बाजूला स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर, वेगळं अर्थिंग, टूल होल्डर, आणि कोपऱ्यात घासलेल्या इन्सर्टचा (धातू कापणाऱ्या, बदलायच्या टोकांचा) डबा. यातलं बरंचसं वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि इन्सर्ट तर कायमचाच खर्च. लाईटचं लोड वाढवलं की फिक्स्ड चार्ज वाढतो, मशीन बंद असलं तरी तो भरावाच लागतो, बिलावर तो वेगळ्या ओळीत असतोय, काढून बघा.

सगळ्यात मोठा खर्च मात्र कुठल्याच बिलावर दिसत नाही. वीस वर्षं हाताने लेथ चालवलेला माणूस प्रोग्रॅम शिकेपर्यंत जॉब (बनवलेले पार्ट) रिजेक्ट होतात, डिलिव्हरी लांबते, आणि तोवर जुना लेथ पण चालू ठेवावा लागतो. यात त्या माणसाची काहीच चूक नाही, शिकायला वेळ हा द्यायलाच पाहिजे.

आता उदाहरणाला धरा, मशीनशिवायचा जादा खर्च 3 लाख, पहिले तीन महिने बचत शून्य, नंतर इन्सर्ट आणि फिक्स्ड चार्ज वजा जाऊन महिन्याला 45 हजार. 21 लाख वसूल व्हायला जवळपास 50 महिने. स्वतःचे आकडे घालायचे तर आधी तीन महिने रिजेक्शन आणि बंद तास वहीत लिहून ठेवा.