मूत्रमार्ग संसर्गावरील वनौषधी

स्त्रियांना होणाऱ्या मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गात प्रतिजैविकांऐवजी किंवा ती टाळता यावीत म्हणून घेतली जाणारी वनस्पतिजन्य औषधे. लघवी करताना आग होणे, सारखी घाई लागणे, ओटीपोटात दुखणे ही या संसर्गाची लक्षणे. बोलीभाषेत त्याला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. मात्र प्रत्येक उन्हाळीमागे जंतू असतोच असे नाही. स्त्रियांमध्ये मूत्राशयातून बाहेर येणारी नळी जेमतेम ४ सेंमी. असते. त्यामुळे आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू सहज वर चढतो, आणि बहुतेक साधे संसर्ग त्याच्यामुळेच होतात.

वर्षातून तीन-चार वेळा हाच त्रास होणाऱ्या स्त्रीला दर वेळी प्रतिजैविक नको वाटते, आणि जंतूही त्या औषधांना दाद देईनासे होतात. पर्यायांचा शोध येथून सुरू होतो. या शोधात दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळतात: संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून काय घ्यावे, आणि झालेला संसर्ग कशाने बरा होईल? पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

क्रॅनबेरी हे आंबट लाल फळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ती लघवी आम्लधर्मी करते, असे पूर्वी मानत. आज भर आहे तो तिच्यातील ‘ए’ प्रकारच्या प्रोअँथोसायनिडिन या वनस्पतिद्रव्यांवर. जिवाणूला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू न देण्याचे काम ती करतात. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याने क्रॅनबेरीला जवळपास निकालात काढले होते. ५० चाचण्या तपासणाऱ्या तिच्याच २०२३ च्या आढाव्याने मात्र मत बदलले: वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत धोका सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतो. गर्भवतींत तसा लाभ दिसला नाही. जडलेला संसर्ग क्रॅनबेरीच्या रसाने जातो, याला आधार नाही. डी-मॅनोज ही साखरही जिवाणूची पकड सोडवते म्हणून खूप गाजली, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ५९८ स्त्रियांवरील चाचणीत तिचा उपयोग दिसून आला नाही.

उपचारासाठी सर्वांत जुने नाव अस्वलद्राक्षाचे, म्हणजे उव्हा उर्सी या झुडपाचे. त्याच्या पानांतील अर्ब्युटिन या द्रव्यापासून शरीरात हायड्रोक्विनोन तयार होते आणि ते लघवीत जंतुनाशकासारखे वागते. जर्मनीतील एका चाचणीत (२०२२) ही पाने फॉस्फोमायसिन या प्रतिजैविकाशी ताडून पाहिली. प्रतिजैविकांचा वापर सुमारे ६४ टक्क्यांनी घटला खरा, पण त्रास अधिक जाणवला आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेलेल्या स्त्रियाही वनौषधीच्या गटात जास्त निघाल्या. ही किंमत जाहिरातींत सांगितली जात नाही. हायड्रोक्विनोन जास्त झाल्यास घातक ठरू शकते, म्हणून हे औषध आठवड्याहून जास्त घेत नाहीत. गरोदरपणात तर नाहीच.

सेंटॉरी, लव्हेज आणि रोझमेरी या वनस्पतींच्या मिश्रणाची कामगिरी अधिक आश्वासक आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या ८३.५ टक्के स्त्रियांना पुढे प्रतिजैविकाची गरज पडली नाही. फॉस्फोमायसिनच्या गटात हे प्रमाण ८९.८ टक्के होते. अर्थात साधा मूत्राशयदाह अनेकदा आपोआपही ओसरतो, हे असे आकडे वाचताना लक्षात ठेवावे लागते.

ताप, थंडी वाजणे, पाठीत बरगडीखाली दुखणे किंवा उलट्या सुरू झाल्यास संसर्ग मूत्रपिंडात गेल्याचा संशय धरतात. तेथे वनौषधीला जागा नाही. गर्भवतीच्या लघवीत जंतू आढळले, तर लक्षणे नसतानाही प्रतिजैविकच देतात.