गोठा सल्लागार गट

गोठा सल्लागार गट : एकाच गोठ्याच्या कारभारावर निरनिराळ्या विषयांच्या जाणकारांनी मालकासह ठरावीक काळाने एकत्र बसून निर्णय घेण्याची पद्धत. तिचे सर्वांत रुळलेले रूप अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया व विस्कॉन्सिन या दुग्धप्रधान राज्यांत दिसते. गटात गोठामालक व घरची मंडळी, पशुवैद्य, पशुआहारतज्ज्ञ, कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस आणि बहुधा विद्यापीठाचा विस्तार अधिकारी (संशोधन शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणारा) असतो.

पद्धतीचा उगम वादाचा आहे. काही जण तो डेन्मार्कमधील व्हायेन येथे १८९५ मध्ये निघालेल्या दूध-नोंद संघापर्यंत नेतात. मूळचा डॅनिश असलेल्या हेल्मर राबिल्ड याने हीच कल्पना १९०५ च्या सुमारास मिशिगन राज्यातील न्यूएगो परगण्यात रुजवली व पुढे ती अमेरिकाभर पसरली. मात्र या संघांचा नोंदनीस गायवार दूध व स्निग्धांश मोजून पुढच्या गोठ्यात जाई. एकत्र विचारविनिमय हा त्याच्या कामाचा भाग नव्हता. त्यामुळे दूध-नोंदीला या पद्धतीची पूर्वअट मानावे, पूर्वज नव्हे, हे मत अधिक पटते. प्रचलित रूप विसाव्या शतकाच्या अखेरीपलीकडे फारसे मागे नेता येत नाही. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियात स्थापन झालेल्या ‘सेंटर फॉर डेअरी एक्सलन्स’ने अशा गटांना पाठबळ दिले.

विस्कॉन्सिनमध्ये अशाच गटांमार्फत चाललेल्या ‘मिल्क मनी’ उपक्रमाचा भर दुधाच्या प्रतीवर, म्हणजे मुख्यतः कासदाहावर (कासेच्या संसर्गजन्य दाहावर) होता. कासेला संसर्ग झाला की दुधातील कायिक पेशी (जनावराच्या शरीरातून दुधात उतरणाऱ्या पेशी) वाढतात. त्यांची मर्यादा अमेरिकेत दर मिलिलिटरला ७.५ लाख, तर युरोपीय संघात ४ लाख आहे. पेशी वाढण्यामागे ओले अंथरूण, सडांची अपुरी स्वच्छता, दोहनयंत्राचा बिघडलेला निर्वात दाब किंवा गाय आटवताना (विण्यापूर्वी दूध काढणे थांबवताना) द्यायचे राहून गेलेले औषध, यांपैकी काहीही असू शकते. पशुवैद्य जंतू ओळखतो; यंत्र दुसरा कोणी तपासतो आणि गोठ्यातली फरशी बदलायचा खर्च शेवटी बँकेपाशी अडतो. हे सगळे एकाच बैठकीत आले, तरच काम पुढे सरकते.

डेन्मार्कमधील ‘गोठाशाळा’ याहून वेगळ्या. तेथे २००४ च्या सुमारास सेंद्रिय दूध उत्पादकांनी प्रतिजैविकांचा वापर घटवण्यासाठी त्या सुरू केल्या. पाच-सहा शेतकरी आळीपाळीने एकमेकांच्या गोठ्यात जमतात. यजमान आपले एक यश व दोन अडचणी मांडतो, सल्ला सहकारीच देतात. समन्वयकाने सल्ला देऊ नये असा दंडक आहे. तज्ज्ञांना वगळणाऱ्या या प्रकाराला सल्लागार गट म्हणावे काय, याविषयी दुमत संभवते.

भारतात सहकारी दूध संघांची पशुवैद्यकीय व कृत्रिम रेतन सेवा जुनी आहे. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाच्या २०१२ पासूनच्या राष्ट्रीय दुग्ध योजनेत संतुलित आहाराचा सल्ला गावातीलच प्रशिक्षित व्यक्ती घरोघरी देत असे. तो एकट्याचा सल्ला होता. दोन-चार जनावरांच्या गोठ्यापाशी बँक, वैद्य व आहारतज्ज्ञ यांची बैठक भरवणे परवडणारेही नाही.