गोवा–लिस्बन : हवाई अंतर व प्रवासकाळ

गोव्यातील दाबोळी विमानतळापासून लिस्बनच्या विमानतळापर्यंतचे सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे ८,३४० किलोमीटर, म्हणजे साधारण ४,५०० सागरी मैल आहे. पेडणे तालुक्यातील मोपा येथील दुसऱ्या विमानतळावरून ते वीसेक किलोमीटरांनी कमी भरते. हे अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाकाराला धरून मोजलेले आहे. ही वाट गोव्यातून वायव्येकडे निघून अरबी समुद्र, इराणचा दक्षिण भाग, इराक, सीरिया व भूमध्य समुद्र यांवरून जाते आणि लिस्बनजवळ जवळजवळ थेट पश्चिमाभिमुख होते. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टीने आखलेली रेषा सरळ दिसते खरी, पण तिच्यावरून गेल्यास अंतर दोनशेक किलोमीटरांनी वाढते.

ताशी सुमारे ८८० किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला हे अंतर कापण्यास साडेनऊ तास पुरावेत. प्रत्यक्षात उंचावरचे पश्चिमी वारे जाताना समोरून येतात व परतताना पाठीशी असतात, त्यामुळे जाण्यास दहा तासांहून अधिक आणि येण्यास त्याहून कमी वेळ धरावा लागतो. शिवाय, संघर्षग्रस्त देशांचे आकाश टाळण्यासाठी विमानांना वळसा घ्यावा लागतो.

तथापि, दोन्ही शहरांमध्ये नियमित थेट विमानसेवा नसल्यामुळे हा हिशेब बराचसा कागदावरच राहतो. प्रवासी मुंबई, दिल्ली किंवा आखाती शहरांतून विमान बदलतात आणि एकूण प्रवास पंधरा ते वीस तासांवर, कधी त्याहूनही पुढे जातो. हा वाढीव वेळ मुख्यतः वळशाचा नसतो, ही गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी : दोहामार्गे गेल्यास अंतरात तीसेक किलोमीटरांचीच भर पडते. वेळ जातो तो पुढच्या विमानाची वाट पाहण्यात, आणि लिस्बन परिसरात नातलग असलेल्या गोमंतकीय कुटुंबांना तो चांगलाच जाणवतो.

या मार्गाला राजकीय इतिहासही आहे. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यानंतर पोर्तुगीज राजवटीने दाबोळीचा विमानतळ उभारला आणि १९५५ मध्ये पोर्तुगीज भारताची स्वतःची विमानसेवा सुरू केली. तिची विमाने दमण, दीव व कराचीला जात. पुढे ती टप्प्याटप्प्याने लिस्बनपर्यंत पोहोचू लागली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि हा दुवा तुटला. भारत व पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९७४ नंतरच पूर्ववत झाले.

प्रवासकाळ मोजताना घड्याळातील फरक विसरून चालत नाही. लिस्बन हिवाळ्यात गोव्याच्या साडेपाच तास मागे असते, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. म्हणून जानेवारीत गोव्याहून पहाटे चारला निघून लिस्बनला दुपारी तीनला उतरणाऱ्याचा प्रवास अकरा तासांचा दिसला, तरी तो साडेसोळा तासांचा असतो.