न हलणारा, तरी वाहणारा

हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की बर्फाच्या लाद्या फुटायला लागतात. त्यातला मुठीएवढा खडा समुद्राच्या पाण्याच्या बादलीत टाकून बघा. जेमतेम टोक वर राहते, बाकी सगळा पाण्याखाली. बर्फाची घनता दर घनमीटरला सुमारे ९१७ किलो, समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५. म्हणून दहातले जवळजवळ नऊ भाग बुडतात. तोच खडा घरच्या विहिरीच्या पाण्यात आणखी जरासा खाली बसेल, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके.

एखादा घोटाळा बाहेर आला की वर्तमानपत्रांना 'हिमनगाचे टोक' हमखास आठवते. मला मात्र गंमत वाटते ती त्यातल्या 'नग'ची. संस्कृतात 'ग' म्हणजे जाणारा. खग आकाशात जाणारा, उरग छातीवर सरपटत जाणारा. आणि नग? जो जातच नाही तो, म्हणजे पर्वत. ('काय नग आहे!' म्हणतो तो नग वेगळा.) वाऱ्यापाण्याबरोबर महासागर हिंडणाऱ्या बर्फाला आपण चक्क 'न हलणारा' म्हणतो!

दोष एकट्या मराठीचा नाही. इंग्रजी 'आइसबर्ग' आला डचमधून. त्यातला 'बर्ग' म्हणजे डोंगरच. हे डच म्हणजे आपले वलंदेज, १६३७ पासून वेंगुर्ल्यात ठाण मांडून बसलेले. त्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती अजून तिथे आहेत. शब्द मात्र वेंगुर्ल्याचा नव्हे, थंड समुद्रांतला. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो उचलला तेव्हा जहाजावरून टेकाडासारख्या दिसणाऱ्या, किनाऱ्यावरच्या हिमनदीला तो लावत. तरंगत्या बर्फाला तो पुढे चिकटला. म्हणजे मूळ अर्थाने पाहिले तर आपला 'नग' अगदीच चुकलेला नाही.

आकाराने हे खरोखर डोंगरांनाही मागे टाकतात. २००० साली अंटार्क्टिकापासून तुटलेला बी-१५ सुमारे ११,००० चौरस किलोमीटरचा होता. रत्नागिरी जिल्हा आहे साधारण ८,२०० चौरस किलोमीटरचा. मंडणगडापासून राजापुरापर्यंत सगळा उचलून ठेवला तरी क्षेत्रफळ शिल्लक राहिले असते.

ए-२३ए नावाच्या हिमनगाची तऱ्हा आणखी न्यारी. १९८६ साली तो तुटला, आणि थोडे अंतर जाऊन वेडेल समुद्रात त्याचे बूड तळाला टेकले. आपल्याकडे होडी रेतीत रुतते तसे. तीस वर्षांहून अधिक काळ तो तिथेच. तेवढी वर्षे त्याला नग म्हणायला कोणाची हरकत नसावी. मग २०२० च्या सुमारास बूड सुटले, आणि तो उत्तरेकडे वाहत निघाला.