जलरोधक ब्लूटूथ स्पीकर

जलरोधक ब्लूटूथ स्पीकर : मोबाइलमधला आवाज बिनतारी घेऊन वाजवणारा, बॅटरीवर चालणारा आणि ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी सोसणारा सुटा स्पीकर. ही मर्यादा खोक्यावरच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावरून कळत नाही. ती आयपी मानांकनाच्या दोन अंकांत असते.

हे मानांकन आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातून आले आहे. पहिला अंक (० ते ६) धुळीचा, दुसरा (० ते ९) पाण्याचा. ‘आयपीएक्स७’ मधला एक्स म्हणजे शून्य नव्हे. धुळीची श्रेणी दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाण्याच्या ५ अंकासाठी ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा झोत मारतात. ७ साठी वस्तू १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवून ठेवतात. ८ ची चाचणी याहून कडक असते आणि तिच्या अटी उत्पादक सांगतो. गंमत अशी की ७ मध्ये ५ आणि ६ आपोआप येत नाहीत. बादलीत बुडून तरलेला स्पीकर नळाच्या जोरदार झोताखाली टिकेलच, असे मानक म्हणत नाही. शिवाय चाचणी गोड्या पाण्याची. समुद्राचे खारे पाणी, साबण, क्लोरीन यांची हमी या अंकांत नाही, म्हणून किनाऱ्यावरून आल्यावर स्पीकर साध्या पाण्याने हलकेच धुऊन वाळवावा.

पाणी अडवायचे तर पेटी बंद हवी, आणि छोट्या बंद पेटीत खर्ज दबतो. घरातल्या अनेक स्पीकरांना त्यासाठी एक भोक ठेवलेले असते. इथे ती सोय नाही. त्यावरचा तोडगा म्हणजे पॅसिव्ह रेडिएटर : चुंबक आणि तारेचे वेटोळे नसलेला, आतल्या हवेच्या दाबाने हलणारा पडदा. नळकांडी आकाराच्या स्पीकरची दोन्ही टोके गाण्याबरोबर थरथरताना दिसतात, ती हीच. बाहेरची जाळी पाणी अडवत नाही. पाणी पडद्यापर्यंत पोचते आणि तिथे साचले की आवाज घुसमटतो. ते झटकून निथळले की आवाज बहुधा पूर्ववत होतो. चार्जिंगचे तोंड मात्र पूर्ण कोरडे झाल्याशिवाय केबल लावू नये.

स्पीकर पाण्याखाली तगला तरी तिथे गाणे चालू राहत नाही. ब्लूटूथ २.४०२ ते २.४८० गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि या लहरी पाण्यात लगेच क्षीण होतात. मायक्रोवेव्ह भट्टीही याच्याच आसपासच्या वारंवारतेवर पाणी तापवते.

नमुना म्हणून जेबीएल फ्लिप ६ घेता येईल. मानांकन आयपी ६७, वजन सुमारे ५५० ग्रॅम, ब्लूटूथ ५.१. मोठ्या पडद्याला २० वॅट, तीव्र स्वरांच्या छोट्या पडद्याला १० वॅट. वारंवारतेची मर्यादा ६३ हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत. काळी एक या पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते, म्हणजे कागदावर तरी ती यात बसते. वायरने जोडायचे ऑडिओचे तोंड नाही, मायक्रोफोनही नाही.

बॅटरी ४,८०० मिलिअँपिअर-तासांची, चार्जिंगला अडीच तास आणि वादन ‘१२ तासांपर्यंत’. यातला ‘पर्यंत’ आवाजाच्या पातळीवर अवलंबून आहे. आवाज पूर्ण वाढवला की बॅटरी बरीच आधी संपते; सहलीला निघताना हा आकडा कमी धरलेलाच बरा.